सेंट बर्नार्डस आब्ट १२ : काही महिन्यांच्या सहवासानंतर

सेंट बर्नार्डस आब्ट १२ ही बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्समधील वाटू गावात बनणारी, १० टक्के अल्कोहोल असलेली गडद तपकिरी एल प्रकारची बिअर आहे. लूव्हन या बेल्जियन शहरातील आमच्या इमारतीच्या तळघरात गेले काही महिने तिचा चोवीस बाटल्यांचा क्रेट ठेवलेला असल्यामुळे तीच बिअर वेगवेगळ्या तापमानांना, जेवणासोबत आणि जेवणानंतर, ताजी आणि थोडी मुरलेली अशी चाखता आली. एका बाटलीवरून हिच्याविषयी मत बनवू नये, हे आधीच सांगून ठेवतो.

लेबलवर पेला हाती घेतलेला हसरा मठवासी असला, तरी वाटूचा कारखाना मठ नाही, आणि म्हणून या बाटलीवर ट्रॅपिस्ट (ख्रिस्ती मठवासींचा एक पंथ) बिअरचे षटकोनी चिन्ह नाही. ते मिळण्यासाठी बिअर मठाच्या परिसरात आणि मठवासींच्या देखरेखीखाली बनावी लागते. मठाशी असलेले नाते मात्र जाहिरातीपुरते नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समधील धर्मसंस्थांविरोधी वातावरणामुळे मों दे का येथील मठवासी सीमा ओलांडून वाटूला आले व तेथे चीज बनवू लागले. पुढे तो व्यवसाय एव्हारिस्त डेकोनिंक यांच्याकडे आला. शेजारच्या वेस्टव्लेटेरन मठाने १९४६ मध्ये आपल्या बिअरचे उत्पादन व विक्री यांचा परवाना त्यांना दिला, तेव्हा मठाच्या ब्रूमास्टरने, म्हणजे बिअर बनवणाऱ्या मुख्य कारागिराने, कृती आणि यीस्ट दोन्ही सोबत आणले. हा करार १९९२ मध्ये संपला, मठाचे नाव गेले, परंतु यीस्ट वाटूतच राहिले. आज खुद्द वेस्टव्लेटेरनमध्ये वेस्टमाल मठाचे यीस्ट वापरले जाते. त्यामुळे ज्या वेस्टव्लेटेरन १२ साठी लोक आगाऊ नोंदणी करून मठाच्या दारात गाडी उभी करतात, तिच्या जुन्या चवीचा धागा दुकानात सहज मिळणाऱ्या या बाटलीत अधिक शाबूत असावा, असे म्हणायला जागा आहे. दोन्ही शेजारी ठेवून प्यायल्यावर वेस्टव्लेटेरन मला थोडी अधिक कोरडी वाटली. तिच्याभोवती असलेल्या दबदब्याइतके मोठे अंतर मात्र मला जाणवले नाही.

चवीचा निकाल लावणारी मुख्य गोष्ट तापमान आहे. फ्रिजमधून काढून थेट ओतली, तर भाजलेल्या माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा आणि बुडबुड्यांची चुणचुण यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही, आणि एवढ्यासाठी इतकी तीव्र बिअर कशाला, असा प्रश्न पडतो. तीच बाटली बाहेर ठेवून साधारण बारा अंशांपर्यंत आली, की वास उलगडू लागतो. येथील घरात त्याला अर्धा-पाऊण तास लागतो. पुण्यात मे महिन्यात दहा-पंधरा मिनिटे पुरावीत. सोळा-सतरा अंशांच्या वर गेल्यावर मात्र अल्कोहोलचा भपका पुढे येतो आणि बाकी सारे त्याच्याखाली दबते.

ओतण्यालाही थोडी शिस्त लागते. बाटलीत भरताना साखर आणि यीस्ट घालून पुन्हा आंबवलेली असल्याने तिच्यात वायू भरपूर असतो व तळाशी यीस्टचा साका बसलेला असतो. रुंद तोंडाचा पेला तिरपा धरून सावकाश ओतल्यास बदामी रंगाचा दाट फेस येतो व बराच वेळ टिकतो. शेवटची बोटभर बिअर बाटलीतच ठेवावी, असे माझे मत झाले आहे. साका मिसळला की रंग गढूळ होतो, आंबलेल्या कणकेचा वास वर येतो आणि फळांचे बारकावे पुसट होतात. काही बेल्जियन मित्र तो आवर्जून वेगळ्या छोट्या ग्लासात पितात, तो ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग झाला.

योग्य तापमानाला पहिला वास काळ्या मनुकांचा आणि सुक्या अंजिराचा येतो, त्यामागे काकवी, आणि थोड्या वेळाने पिकल्या केळ्याची व लवंगेची छटा. केळे आणि लवंग हे दोन्ही आंबवण्याच्या प्रक्रियेत यीस्टनेच निर्माण केलेले गंध असतात. घोट तोंडात दाट लागतो, पण गिळल्यावर गोडवा जिभेला चिकटून राहत नाही. वायूचा जोर आणि शेवटी येणारा हलका कडूपणा तो आवरतात. अल्कोहोल चवीत फारसे कळत नाही, छातीत उतरणाऱ्या उबेतून कळते, आणि धोका तेथेच आहे. ३३० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे २६ ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या साध्या लागर बिअरच्या दोन बाटल्यांइतके. माझ्या दृष्टीने ही रात्री जेवणानंतर एकट्याने एक, किंवा दोघांत ७५० मिलिलिटरची एक, अशी घेण्याची बिअर आहे.

तळघरात अंधारात उभ्या ठेवलेल्या बाटल्या महिनागणिक किंचित बदलत गेल्या. सुरुवातीच्या बाटल्यांत फळे आणि कडूपणा वेगवेगळे जाणवत. नंतरच्या बाटल्यांत कडूपणा मागे हटला, गोडवा खजुराकडे झुकला आणि सारे अधिक एकजीव झाले. मला हे मुरलेले रूप आवडते. ज्यांना गोड कमी हवे, त्यांनी मात्र ताजीच प्यावी, कारण कडूपणा उतरला की गोडी अधिक उघडी पडते. ही गोडीच माझी एकमेव खरी तक्रार आहे. अर्ध्या पेल्यानंतर काही वेळा ती जड होते.

जेवणासोबत ती जपून जोडावी लागते. तिखट मटण रस्स्याबरोबर अल्कोहोल आणि मिरची एकमेकांची आग वाढवतात, बिअरची चव पार हरवते. पुरणपोळीसोबत गोडावर गोड होते. खारे शेंगदाणे, निळी बुरशी असलेले खारट चीज किंवा कडू चॉकलेट यांच्यासोबत ती सर्वांत खुलते, कारण मीठ आणि कडूपणा तिच्या गोडीला तोलून धरतात. बिअरमध्येच शिजवलेल्या फ्लेमिश गोमांसाच्या स्टूसोबतही छान जमते. ज्यांना हीच जातकुळी हवी आहे पण १० टक्के जास्त वाटतात, त्यांनी याच कारखान्याची ८ टक्क्यांची प्रायर ८ घ्यावी; ती अंगाने हलकी आहे, फळांचा वास बराचसा तोच आहे, आणि आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी मी स्वतः हल्ली तीच अधिक वेळा उघडतो.