घाई न करणारं चष्म्याचं दुकान (राम आळी, रत्नागिरी)

घरात डाउन सिंड्रोम असलेलं कुणी असेल आणि चष्मा करायचा असेल, तर राम आळीतल्या या छोट्या दुकानात बिनधास्त जा. माझा धाकटा भाऊ सव्वीस वर्षांचा आहे. नंबर बदलला म्हणून त्याला नवी फ्रेम हवी होती.

दुकानदारकाकांनी पहिला प्रश्न त्यालाच केला, "काय दाखवू तुम्हाला?" एरवी भाऊ समोर उभा असतो आणि लोक मला विचारतात, "ह्याला कुठला पाहिजे?" एका बँकेत तर "ह्यांना काय समजणार, पालकत्वाचा कागद आणा" म्हणून आम्हाला परत पाठवलं होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १३ सांगतं की कायद्यापुढे त्याची क्षमता इतरांइतकीच आहे, आणि मदत करणाऱ्याने त्याच्यावर दबाव आणायचा नाही. हे कसं करतात ते मी इथे पाहिलं.

काकांनी अख्खा ट्रे पुढे केला नाही, दोनच फ्रेम ठेवल्या. नको ती उचलायची, उरलेलीच्या शेजारी नवी ठेवायची. भाऊ आरशात मान वळवून दोन्ही बाजूंनी बघत होता, त्याला वेळ लागतोच. मागच्या गिऱ्हाइकाला काका म्हणाले, "जरा बसा हां." भावाने भडक नारिंगी उचलली. मी तपकिरी सुचवली तर काका मला म्हणाले, "ताई, वापरायची त्यांना आहे."

पण अडचणही लपवली नाही. डाउन सिंड्रोममध्ये नाकाचा वरचा भाग सपाट असतो, त्यामुळे साधी फ्रेम खाली येते. काकांनी भावाला ती घालून वाकायला सांगितलं. फ्रेम घसरून ओठावर आली. "अशी चालेल का तुम्हाला?" भावाने नकारार्थी मान हलवली आणि नारिंगीच, पण सिलिकॉनचे नोज पॅड असलेली मागितली. ती मिळाली. काड्या गरम करून त्याच्या कानामागे नीट बसवून दिल्या. पैसे त्याच्याकडून घेतले, सुट्टे त्याच्याच हातावर मोजले.

काचा मात्र सांगितल्यापेक्षा चार दिवस उशिरा आल्या, फोनही आम्हालाच करावा लागला. पायऱ्या उंच आहेत, व्हीलचेअर आत जाणार नाही. काचांसकट १,८०० रुपये झाले, मला रास्त वाटले. संध्याकाळी गर्दी असते, त्यामुळे चारच्या सुमारास जा आणि काउंटरशी ज्याचा चष्मा आहे त्यालाच पुढे बसवा.