अग्निविज्ञान आणि व्यवस्थापनाची पदवी: कुठे भरीव, कुठे पोकळ

या पदवीच्या नावात ‘विज्ञान’ आणि ‘व्यवस्थापन’ असे दोन शब्द आहेत. प्रवेश घेण्याआधी एकच गोष्ट तपासायची असेल, तर या दोन भागांचा एकमेकांशी संबंध लावून शिकवतात का ते पाहावं. आधी ज्वलनाचं रसायन, उष्मागतिकी आणि द्रवगतिकी, आणि मग शेवटच्या वर्षात कायदा, नेतृत्व आणि अंदाजपत्रक यांच्या टिपणांचा गठ्ठा, अशी मांडणी असेल तर पदवी अर्धीच हाती लागते. आमचं परीक्षण याच निकषावर आहे.

अभ्यासक्रमाचा खरा जीव अग्निगतिकीत, म्हणजे आग कशी वाढते आणि पसरते याच्या शास्त्रात आहे. आगीचं मोजमाप तापमानाने नाही, तर ती दर सेकंदाला किती उष्णता सोडते यावरून करायचं, हे एकदा पक्कं बसलं की पुढचे सगळे विषय उलगडत जातात. वाढत्या आगीचा सोपा नियम असा की उष्णतेचा दर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ‘वेगवान’ गटातली आग 150 सेकंदांत सुमारे 1,055 किलोवॅटवर पोचते, ‘मंद’ गटातल्या आगीला तिथे पोचायला 600 सेकंद लागतात. हीच वेगवान आग 60व्या सेकंदाला सुमारे 170 किलोवॅट असते आणि 120व्या सेकंदाला सुमारे 675. मधल्या एका मिनिटात वर्दी गेली नाही, तर अग्निशमन दलाला चौपट मोठी आग भेटते. चांगला शिक्षक हे गणित फळ्यावर सोडवून थांबत नाही. हे मिनिट कुठे वाया गेलं, हा प्रश्न तो तिथेच विचारतो आणि व्यवस्थापनाचा विषय त्याच तासाला सुरू होतो.

हाताने करायच्या गणितांवर किती भर आहे, ते जरूर विचारावं. उदाहरणार्थ, 2 मीटर उंच आणि 0.8 मीटर रुंद उघडं दार असलेली खोली घ्या. दाराचं क्षेत्रफळ गुणिले उंचीचं वर्गमूळ, हे उत्तर सुमारे 2.26 येतं. भडकलेल्या खोलीत त्याच्या निम्मी, म्हणजे सेकंदाला साधारण 1.13 किलो हवा आत येते. एक किलो हवेतल्या ऑक्सिजनवर जवळपास 3 मेगाज्यूल उष्णता निघते. म्हणजे खोलीत सामान कितीही असो, आतली आग सुमारे 3.4 मेगावॅटवर अडते आणि न जळलेले वायू दाराबाहेर पडून तिथे पेटतात. अशा आगीत घाईने खिडकी फोडली की हवा वाढते आणि तिच्यासोबत आगही, हे या चार ओळींतून कळतं. हे गणित न करता सुटलेला विद्यार्थी पुढे संगणकाच्या उत्तरावर डोळे झाकून विश्वास ठेवतो.

प्रयोगशाळेत कोन कॅलरिमीटर, म्हणजे एखादं साहित्य जळताना किती उष्णता सोडतं ते मोजणारं उपकरण असायलाच हवं, आणि ते चालू स्थितीत हवं. यात 100 बाय 100 मिलिमीटरचा नमुना शंकूच्या आकाराच्या हीटरखाली 25 मिलिमीटरवर ठेवतात आणि धुरातला ऑक्सिजन किती कमी झाला त्यावरून उष्णता काढतात. बहुतेक नेहमीच्या इंधनांत एक किलो ऑक्सिजन खर्ची पडला की सुमारे 13.1 मेगाज्यूल उष्णता निघते, हा त्यामागचा आधार. तत्त्व सोपं असलं तरी प्रत्यक्ष काम किचकट आहे. वायूच्या नळीतला ओलावा शोषणारा पदार्थ बदलला नसेल तर ऑक्सिजनचं वाचन सरकतं. नमुन्यापासून विश्लेषकापर्यंत वायू पोचायला जे सेकंद लागतात, ते वजा केले नाहीत तर आलेखाचा शिखरबिंदू चुकीच्या जागी जातो. फुगणारा नमुना ठिणगीच्या टोकाला टेकतो. मिथेनच्या ज्योतीवर उपकरण रोज तपासून घेतलं नसेल, तर दिवसभराचे आकडे टाकून द्यावे लागतात. या चुका विद्यार्थ्याच्या हातून व्हायला हव्यात. चार जणांच्या गटाने नमुना कापण्यापासून आलेखापर्यंत सगळं स्वतः केलं, तरच प्रॅक्टिकल झालं असं म्हणावं. तंत्रज्ञाने करून दाखवलं आणि बाकीच्यांनी जर्नलात उतरवलं, तर ते प्रॅक्टिकल नव्हे.

संगणकी प्रतिमानाचा विषय सगळीकडे मिरवला जातो, आणि सर्वात जास्त निराशाही तोच करतो. आग आणि धूर कसे पसरतील याची गणना करणारी, अमेरिकेच्या निस्ट या संस्थेची ‘एफडीएस’ ही प्रणाली मोफत मिळते, त्यामुळे ती शिकवायला साधनांची अडचण नाही. अडचण येते जाळीच्या मापात, म्हणजे जागा ज्या छोट्या घन चौकटींत विभागून गणना होते त्यांच्या आकारात. 1 मेगावॅटच्या आगीची वैशिष्ट्यपूर्ण लांबी, म्हणजे उष्णतेच्या दरावरून काढलेलं आगीचं माप, सुमारे 0.96 मीटर येते. चौकट तिच्या चौथ्या ते सोळाव्या भागाएवढी, म्हणजे साधारण 24 ते 6 सेंटिमीटरची घ्यावी, असा संकेत आहे. माप निम्मं केलं की चौकटींची संख्या आठपट होते, वेळेचा टप्पाही निम्मा होतो आणि गणनेचं काम सोळापट वाढतं. म्हणून घाईतला विद्यार्थी मोठी चौकट घेतो, आणि रंगीत चित्र तरीही सुंदरच दिसतं. किमान तीन मापांवर तेच प्रतिमान चालवून उत्तरं किती बदलतात हे दाखवल्याशिवाय सबमिशन स्वीकारत नाहीत, असा विभाग असेल तर निःशंक प्रवेश घ्यावा.

पाण्याचं गणित आणि इमारतीची अग्निरोधकता हे भाग बहुधा नीट होतात. स्प्रिंकलरमधून, म्हणजे आग लागल्यावर पाणी फवारणाऱ्या छतावरच्या तोटीतून, मिनिटाला किती लिटर पाणी पडेल, ते त्याचा के-गुणांक (त्याच्या तोंडाच्या मापावर ठरणारा आकडा) गुणिले दाबाचं वर्गमूळ. के 80 असेल तर 1 बार दाबाला 80 लिटर. पाणी दुप्पट हवं तर दाब चौपट लागतो, आणि दूरच्या टोकाच्या स्प्रिंकलरला पाणी का पुरत नाही याचं अर्धं उत्तर यातच आहे.

माणसांच्या सुटकेचा विषय मात्र अनेकदा दारांच्या रुंदीवर संपवला जातो. 1 मीटर परिणामी रुंदीच्या (कडेची न वापरली जाणारी जागा सोडून उरलेल्या) दारातून सेकंदाला जास्तीत जास्त 1.3 माणसं बाहेर पडतात, म्हणून 200 जणांना अडीच मिनिटांच्या थोडं वर लागतं, इतकं शिकवून विषय सोडून देतात. खरा वेळ त्याआधी जातो. घंटा खरी आहे का ते पाहण्यात, सामान आवरण्यात, कुणाची तरी वाट बघण्यात मिनिटं निघून जातात. हा भाग मानसशास्त्रासह शिकवणारा अभ्यासक्रम दुर्मिळ आहे आणि त्याचं मोल मोठं आहे.

आता व्यवस्थापन. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातली 18 नोव्हेंबर 1987ची आग वर्गात कशी शिकवतात, ते विचारून पाहावं. त्यात 31 जण मृत्युमुखी पडले. विज्ञानाच्या तासाला सांगतात की लाकडी सरकत्या जिन्याच्या तिरक्या खोबणीत ज्वाळा वर न उठता जिन्याला चिकटून पुढे धावल्या. संगणकाने हे दाखवलं तेव्हा शंका घेतली गेली, मग छोट्या प्रतिकृतीवरच्या प्रयोगांनी ते खरं ठरवलं. व्यवस्थापनाच्या तासाला सांगायला हवं की जिन्याखाली ग्रीस आणि कचरा साचला होता, आधीच्या लहान आगी नेहमीच्याच मानल्या जात होत्या आणि कर्मचाऱ्यांना पुरेसं प्रशिक्षण नव्हतं. हे दोन तास एकाच शिक्षकाने, सलग घ्यायला हवेत.

रोजच्या कामाचं व्यवस्थापनही असंच ठोस असावं. वेल्डिंगचा परवाना कसा लिहायचा, भोवतालच्या 11 मीटरमधलं जळाऊ सामान हलवायचं किंवा झाकायचं, काम संपल्यावर किमान तासभर पहारा ठेवायचा, कारण भुशात शिरलेली ठिणगी ज्वाळा न दाखवता धुमसत राहते. दुरुस्तीसाठी बंद केलेला स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह परत उघडल्याची नोंद कुणी करायची, हेही ठरलेलं असावं. प्रश्नपत्रिकेत नेतृत्वाच्या व्याख्या विचारण्याऐवजी विद्यार्थ्याकडून असा एक परवाना लिहून घ्यावा.

गणित कच्चं असेल तर पहिलं वर्ष जड जातं. कलनशास्त्राची उजळणी आधीच करून ठेवावी. ही पदवी कुणाला अग्निशमन दलाचा जवान बनवत नाही. श्वसनयंत्र घालून धुरात शिरणं वेगळ्या प्रशिक्षणाने येतं. सल्लागार, विमा, उद्योगातली सुरक्षा आणि आगीचा तपास या कामांसाठी ती उपयोगी आहे, आणि आधीच दलात असलेल्या अधिकाऱ्याला तर फारच.

नोकरी सांभाळून दूरशिक्षणाने करणाऱ्यांनी प्रयोगशाळेसाठी विद्यापीठात किती दिवस राहावं लागतं ते विचारावं. उत्तर शून्य असेल तर दुसरीकडे पाहावं. आणि प्रत्यक्ष भेटीला गेलात तर कोन कॅलरिमीटरची तपासणी-वही मागून शेवटची नोंद कोणत्या तारखेची आहे ते बघावं.