जे फुकट होतं त्याचे आम्ही पावणेदोन लाख भरले

मुलगी आठवीपासून दादरला शिवाजी पार्कच्या महात्मा गांधी तलावावर पोहते, म्हणजे मुलुंडहून पहाटेची लोकल, ओला टॉवेल, परत येऊन क्लास, हे रोजचंच. गेल्या वर्षी एका मीटला स्टँडमध्ये एक माणूस भेटला, गोड बोलणारा, म्हणाला ताई, अमेरिकेत स्विमिंगवर अर्धी स्कॉलरशिप करून देतो. टोकन 25 हजार, मग दीड लाख दोन हप्त्यांत. पावती मागितली तर म्हणे जीएसटी लागेल उगाच, आणि पैसे गेले त्याच्या बायकोच्या जीपेवर. तिथेच कळायला हवं होतं, पण पोरीचं भलं होतंय म्हटल्यावर डोकं चालत नाही हो.

घाबरवायची पद्धत बघा. एक दिवस फोन, ताई तिकडे आता टीमला 30 चीच मर्यादा आलीय, जागा संपतायत, आजच हप्ता टाका. बातमी खरी होती, 2025-26 पासून आलीय, पण ती डिव्हिजन 1 मध्ये, म्हणजे तिकडच्या कॉलेजच्या खेळांतल्या सगळ्यात वरच्या गटात. तो आमच्यासाठी बघत होता ते कॉलेज डिव्हिजन 3 चं, म्हणजे सगळ्यात खालच्या गटातलं, छोटंसं, आणि टीममध्ये मुली अकरा! अकरा! मग टायमिंगचं. हिचा 100 मीटर बटरफ्लायचा वेळ 1:08, त्याने तिकडच्या मुलींचे आकडे दाखवले 1:01, 1:02 आणि चेहरा पाडून म्हणाला खूप मागे आहे, पण कोच माझ्या ओळखीतला आहे. पोर रात्रभर रडली. तलावावरच्या सरांना दाखवलं तर ते हसायलाच लागले, अहो हे यार्डातलं आहे, 100 यार्ड म्हणजे 91 मीटर, त्यात 25 यार्डाचा तलाव म्हणजे टर्न जास्त, भिंतीला रेटा मारून वेळ वाचतो, ही तिथे मिनिटाच्या आसपास येईल. म्हणजे त्या टीममध्ये पहिली!

पुढे कॉलेजचं लेटर आलं, वर्षाला 22 हजार डॉलर माफ, आम्ही पेढे वाटले. मुलीने नीट वाचलं तर स्विमिंगचा उल्लेखच नाही. तिने कॉलेजच्या साईटवरून कोचला सरळ ईमेल टाकला, दुसऱ्या दिवशी उत्तर. डिव्हिजन 3 मध्ये खेळासाठी पैसे देता येत नाहीत, नियमच आहे, ही सूट तुझ्या मार्कांवर मिळालीय, या माणसाला मी ओळखत नाही, आणि टीमसाठीचा फॉर्म साईटवर फुकट आहे, तू भर, मला आनंदच होईल. आनंद होणारच, नंतर कळलं की अशी छोटी कॉलेजं फी भरमसाट दाखवतात, मग सूट देतात, आणि टीम ठेवतात ती बरेचदा ॲडमिशन वाढावीत म्हणूनच. कोचला पोरं हवीच असतात. मधे दलाल कशाला?

पैसे परत मागितले तर म्हणे लेटर आलं ना, काम झालं. वकील म्हणाले लेखी काय आहे? काहीच नाही, नुसते व्हॉट्सॲपचे व्हॉइस मेसेज, तेही त्याने डिलीट केलेले. आणि 22 हजार वजा करूनही उरलेली फी आमच्या आवाक्याबाहेरच होती, म्हणजे मुलगी इथेच बीएस्सीला आहे.

परवा मीटला तो परत दिसला, दुसऱ्या एका आईला फाईल उघडून आकडे दाखवत होता. मी जाऊन शेजारी बसले आणि विचारलं, हे यार्डात आहे का मीटरमध्ये? फाईल मिटून चहा आणायला म्हणून गेला तो आलाच नाही.