केव्हीएम: नॅट की ब्रिज?

केव्हीएम म्हणजे एकाच लिनक्स मशीनवर (होस्टवर) अनेक आभासी कॉम्प्युटर, म्हणजे व्हीएम, चालवायची सोय. होस्टवर लिबव्हर्ट (व्हीएम सांभाळणारं सॉफ्टवेअर) टाकलं की नॅटचं, म्हणजे होस्टच्या आडून त्याच्याच पत्त्यावर बाहेर जाण्याचं, ‘डिफॉल्ट’ नेटवर्क बहुधा तयारच मिळतं. व्हीएमला १९२.१६८.१२२ मालिकेतला आयपी मिळतो, इंटरनेट चालू होतं आणि ऑफिसच्या राउटरला तिचा पत्ताही लागत नाही. प्रयोगापुरतं एवढं पुरे. पण बाहेरून कुणाला व्हीएमवरची वेबसाइट उघडायची असेल, तर होस्टवर पोर्ट फॉरवर्डिंग (होस्टच्या ठरावीक पोर्टवर आलेलं व्हीएमकडे धाडणं) आलंच. एकदोन पोर्ट ठीक. दहा व्हीएम झाल्या की कुठला पोर्ट कुणाचा, हे सांभाळताना नाकी नऊ येतात.

ब्रिजमध्ये, म्हणजे होस्टमधल्या आभासी स्विचमधून, व्हीएम थेट लॅनवर (ऑफिसच्या नेटवर्कवर) येते. राउटरच तिला आयपी देतो, शेजारच्या कॉम्प्युटरला ती स्वतंत्र मशीनच वाटते. फाइल सर्व्हरला हेच हवं, म्हणून केबल लावलेल्या सर्व्हरवर माझं मत ब्रिजला. मेख मांडणीत आहे: होस्टचा आयपी नेटवर्क कार्डावरून काढून ब्रिजला द्यावा लागतो. एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून नेटवर्कमार्गे) हे करताना काही चुकलं, तर सर्व्हर हातचा गेलाच; मॉनिटर-कीबोर्ड जोडूनच बसा. वाय-फायवर मात्र साधा ब्रिज सहसा चालत नाही, कारण अ‍ॅक्सेस पॉइंट अनोळखी मॅक अ‍ॅड्रेसच्या (नेटवर्क कार्डाच्या ओळख क्रमांकाच्या) फ्रेम, म्हणजे डेटाचे तुकडे, स्वीकारत नाही. लॅपटॉपवाल्यांनी मुकाट नॅटच धरावं.