एमएमएफ समजून घ्यायला मॅग्नेटिक सर्किटचं किट घेतलं, त्याबद्दल

मॅग्नेटोमोटिव्ह फोर्स (एमएमएफ), म्हणजे कोअरमध्ये चुंबकीय फ्लक्स तयार करणारी गोष्ट, बरोबर कॉइलचे टर्न्स गुणिले करंट, युनिट अँपिअर-टर्न, एवढं परीक्षेपुरतं पाठ होतं पण डोक्यात काही बसलं नव्हतं, म्हणून हे किट मागवलं. यू आकाराचा कोअर, वर बसवायची लोखंडी पट्टी, 200 आणि 400 टर्न्सच्या दोन कॉइल, कोअरमधला फ्लक्स मिलिवेबरमध्ये मोजणारा फ्लक्समीटर. बस एवढंच.

आधी 200 वाल्या कॉइलला अर्धा अँपिअर दिला, मग 400 वालीला पाव. दोन्हीकडे 100 अँपिअर-टर्न, आणि मीटर दोन्ही वेळा 0.33 मिलिवेबरच्या आसपासच थांबला. खूप भारी वाटलं!

खरी मजा कागदाची. पट्टी दोन्ही हातांनी ओढूनही निघेना, मग करंट बंद करून दोन्ही टोकांखाली वहीचा एकेक कागद सरकवला, करंट तेवढाच ठेवला, तर पट्टी एका हाताने सुटली आणि फ्लक्स 0.14 वर. एमएमएफ तोच आहे, वाढला तो रिलक्टन्स, म्हणजे फ्लक्सच्या वाटेतला अडथळा. कोअरमधली वाट 30 सेंमी, लोखंडाची पर्मिअॅबिलिटी (फ्लक्स जाऊ देण्याची क्षमता) हवेच्या साधारण 2000 पट धरली, आणि कागद हवेसारखाच, तर 0.1 मिमी कागद म्हणजे 20 सेंमी लोखंड, दोन कागद म्हणजे 40, म्हणजे वाट एकदम दुपटीच्या वर गेली ना. आणि नावात फोर्स असलं तरी एमएमएफ हे न्यूटनमधलं बल नाही हेही इथेच कळलं, पट्टीची ओढ फ्लक्सच्या वर्गावर जाते म्हणून ती पार पाचव्या हिश्श्यावर आली.

आता तक्रार. मॅन्युअलमध्ये बॅटरी-रेझिस्टरची तुलना (एमएमएफ म्हणजे बॅटरी, रिलक्टन्स म्हणजे रेझिस्टर) देऊन विषय संपवलाय, एमएमएफ-फ्लक्सचा ग्राफ सरळ रेषेत. मी कागद काढून 400 वालीला पूर्ण एक अँपिअर दिला, एमएमएफ चौपट झाला पण फ्लक्स जेमतेम दुप्पट, आणि मला वाटलं मीटरच बिघडला, दोन संध्याकाळी वायरिंग तपासण्यात गेल्या. कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे एका मर्यादेनंतर एमएमएफ वाढवूनही फ्लक्स फारसा वाढत नाही, हे एका ओळीत लिहायला काय हरकत होती? नवीन शिकणारा इथेच अडकतो. शिवाय एक अँपिअरला कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापते, त्याची सूचनाही कुठे नाही.

तरी घ्या असंच सांगेन, फक्त पहिल्या दिवशी 100 अँपिअर-टर्नच्या वर जाऊ नका आणि कागद जवळ ठेवा.