वंशावळीसाठी जुने मृत्युलेख: कोणते ऑनलाइन संग्रह कामाचे, पैसे कुठे भरावेत

मृत्युलेखात एका माणसाच्या निमित्ताने अख्खं घर छापलेलं असतं. मुलींची लग्नानंतरची नावं, भावंडं कोणत्या गावी राहतात, कोण आधीच वारलं, दफन कुठे झालं, हे सगळं एकाच परिच्छेदात सापडतं. इंग्रजी वृत्तपत्रांच्या मोठ्या ऑनलाइन संग्रहांचा हा आढावा फक्त याच कामापुरता आहे.

सगळ्यांत उजवा ट्रोव्ह. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा हा संग्रह पूर्ण मोफत आहे. इथे पानावरचा मजकूर बातमीनिहाय वेगळा केलेला आहे आणि ‘फॅमिली नोटिसेस’ असा स्वतंत्र वर्ग निवडता येतो. आडनाव टाकून हा वर्ग आणि दशक निवडलं, की जाहिराती आणि शर्यतींचे निकाल आपोआप बाजूला पडतात. संगणकाने चुकीचा वाचलेला मजकूर कोणीही वाचक तिथल्या तिथे सुधारू शकतो. असंख्य लोकांनी हे काम मनापासून केलंय आणि त्याचा फायदा प्रत्येक शोधाला होतो. फक्त जन्म, लग्न, मृत्यू यांचा पूर्ण रकाना बहुधा एकच मजकूर म्हणून धरलेला असतो, त्यामुळे नाव एका सूचनेतलं आणि आडनाव दुसरीतलं असं होऊ शकतं. बहुतेक वृत्तपत्रं 1954 पर्यंतचीच आहेत. ‘कॅनबेरा टाइम्स’ 1995 पर्यंत मिळतो. न्यूझीलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा पेपर्स पास्टही मोफत आहे आणि वापरायला तितकाच सुटसुटीत.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचं क्रॉनिकलिंग अमेरिकाही मोफत, पण तिथे शोधाचं एकक म्हणजे संपूर्ण पान. सात-आठ रकान्यांच्या पानावर पहिलं नाव एका कोपऱ्यात आणि आडनाव दुसऱ्या कोपऱ्यात असलं, तरी ते पान निकालात येतं. म्हणून पूर्ण नाव एकत्रित शब्दसमूह म्हणून शोधायचं, आणि आडनाव-आधी व नाव-आधी असे दोन्ही क्रम करून पाहायचे. याच संस्थेच्या सूचीत 1690 पासूनच्या अमेरिकी वृत्तपत्रांची नोंद आहे. एखाद्या गावात त्या वर्षी कोणती वृत्तपत्रं निघत होती आणि त्यांचे अंक कोणत्या ग्रंथालयात आहेत, हे तिथे कळतं. पैसे भरण्याआधी ही सूची पाहावी, कारण हवं ते वृत्तपत्र त्या संग्रहात नसेल तर सभासदत्व वाया जातं.

शोध फसतो तो बहुतेक वेळा ओसीआरमुळे, म्हणजे छायाचित्रातली अक्षरं संगणकाने वाचण्याच्या पद्धतीमुळे. इंग्रजी आर आणि एन चिकटून आले की त्यांचा एम होतो, सी आणि एल मिळून डी होतो, एचचा बी होतो. ओळीच्या शेवटी तुटलेलं आडनाव तर दोन निरर्थक तुकडे होऊन बसतं. अशा वेळी आडनाव सोडून द्यावं आणि दफनभूमीचं नाव, चर्च, छोटं गाव किंवा जावयाचं दुर्मीळ आडनाव शोधावं. विवाहित स्त्रिया जुन्या अंकांत पुष्कळदा ‘मिसेस’ आणि पुढे नवऱ्याचं पूर्ण नाव एवढ्यावरच येतात. त्यांचं स्वतःचं नाव संपूर्ण मजकुरात कुठेही नसतं.

मृत्यूची तारीख माहीत असेल तर शोधपेटीच्या नादी न लागता अंक उघडून पानं चाळणं सर्वांत खात्रीचं. दैनिक असेल तर पुढचे दहा दिवस, साप्ताहिक असेल तर पुढचे तीन-चार अंक. त्यानंतर आभाराची सूचना, काही महिन्यांत मृताकडून ज्यांचं पैसे येणं आहे त्यांच्यासाठीची कायदेशीर नोटीस आणि वर्षाने त्याच तारखेच्या आसपास स्मरणाची सूचना. ‘गेल्या मंगळवारी’ असं छापलेलं असेल तर अंकाच्या तारखेवरून मागे मोजावं, पण साप्ताहिकाने दुसऱ्या वृत्तपत्रातली बातमी तशीच उचललेली असेल तर तो मंगळवार आठवडाभर आधीचा निघतो.

पैसे घेणाऱ्यांत न्यूजपेपर्स डॉट कॉमचा साठा मोठा आहे. मात्र बरीच अलीकडची पानं ‘पब्लिशर एक्स्ट्रा’ या महागड्या सभासदत्वातच उघडतात, तेव्हा वर्षं तपासूनच योजना निवडावी. इतरांनी कापून ठेवलेली कात्रणं तिथे सभासदत्वाशिवाय दिसतात. आधी ती शोधून पाहावीत. जीनिऑलॉजीबँकमध्ये अलीकडचे मृत्युलेख टंकलिखित मजकूर म्हणून आहेत, त्यामुळे ओसीआरच्या चुका नाहीत. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर याच कंपनीच्या 1980 ते 2014 च्या मृत्युलेखांची सूची मोफत खात्यावर पाहता येते आणि तिच्यात मृताबरोबर नातेवाइकांचीही नावं नोंदलेली आहेत. आई-वडिलांचा मृत्युलेख हवा असेल तर मुलाचं नाव टाकून तो सापडतो. ही सोय फार मोलाची आहे. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हमध्ये शोध मोफत, पान पाहायला पैसे. पण काही पानं मोफत आहेत आणि ती वेगळी गाळून काढता येतात.

अलीकडच्या दोन-अडीच दशकांसाठी लेगसी डॉट कॉम ही मृत्युलेखांची साइट पुरेशी आहे. ती 1998 मध्ये सुरू झाली, तेव्हा त्याहून फार मागचं काही तिथे शोधू नये. फाइंड अ ग्रेव्ह या थडग्यांच्या नोंदींच्या साइटवर स्वयंसेवकांनी पुष्कळ मृत्युलेख उतरवून ठेवलेत, पण नात्यांचे दुवे कोणीही जोडतं. तो माग समजावा, पुरावा नव्हे. परवानगीशिवाय मृत्युलेख उचलून फुलं आणि मेणबत्त्या विकणाऱ्या साइट्सपासून मात्र दूर राहावं. अशाच एका साइटविरुद्ध 2019 मध्ये कॅनडाच्या फेडरल कोर्टाने दोन कोटी डॉलरचा निकाल दिला होता. दुःखात असलेल्या घराशी हा खेळ आहेच, शिवाय तिथला मजकूर बदललेला असण्याचा धोका असतो.

सापडलेलं कात्रण एकटं ठेवू नये. पूर्ण पानाची प्रत, वृत्तपत्राचं नाव, गाव, तारीख, पान आणि रकाना सोबत लिहावा. कात्रणावर तारीख नसेल तर ते कुठलं, कधीचं हे नंतर सिद्ध करता येत नाही. मृत्यूची तारीख त्यातून घ्यावी, जन्मतारीख मात्र जन्मनोंदीशी ताडून पाहावी, कारण ती शोकात असलेल्या नातेवाइकाने आठवणीतून सांगितलेली असते. अंत्यसंस्कार संस्थेचं वेबपान बंद झालं असेल तर त्याचा जुना पत्ता वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर टाकून पाहावा.

आणि अंकच गहाळ असेल, तर त्या गावाच्या सार्वजनिक ग्रंथालयाला ईमेल करावा. पूर्ण नाव, मृत्यूची तारीख आणि वृत्तपत्राचं नाव एवढं नेमकं दिलं, तर ग्रंथपाल मायक्रोफिल्मवरून, म्हणजे जुन्या अंकांच्या फिल्मवरच्या छोट्या छायाचित्रांवरून, पान शोधून देऊ शकतात. ‘आमच्या घराण्याबद्दल काही आहे का’ अशा विचारणेवर मात्र त्यांना काहीच करता येत नाही.