आयोचा बोर्ड: ८ महिने खेळून झाल्यावर

नायजेरियातल्या लेगॉसला आल्यापासून संध्याकाळी झाडाखाली माणसं फळीवर टकाटक बिया टाकताना दिसायची, शेवटी न राहवून मीपण इथल्या लेक्की भागातल्या आर्ट मार्केटमधून एक बोर्ड उचलला, त्याला आता ८ महिने झाले आणि आठवड्याला तीन-चार डाव तरी होतातच.

खेळ इथल्या योरुबा लोकांचा, नाव आयो, फळीला म्हणतात ओपोन. समोरासमोर ६-६ घरं, प्रत्येकात ४ बिया, म्हणजे ४८. पुडी सोडली आणि हसायलाच आलं, बिया म्हणजे चक्क आपले सागरगोटे! आई-मावशी खेळायच्या ना तेच, राखाडी, गुळगुळीत, दगडासारखे टणक.

खेळायचं असं की आपल्या बाजूचं एक घर पूर्ण उचलायचं आणि घड्याळाच्या उलट एकेक बी पेरत जायचं. शेवटची बी समोरच्याच्या घरात पडून तिथे २ किंवा ३ झाल्या की त्या आपल्या, आणि त्याच्या लगेच मागच्या घरातपण २-३ असतील तर त्यापण. समोरच्याकडे काहीच उरलं नसेल तर त्याला बिया मिळतील अशीच चाल करावी लागते, उपाशी ठेवायचं नाही. २५ झाल्या की जिंकलात.

पहिला महिना मला वाटायचं नशिबाचा खेळ आहे. नशीब कसलं, फासाच नाही! आमच्या गेटवरचे बाबा बोलता बोलता माझी घरं साफ करायचे आणि मला कळायचंसुद्धा नाही. पक्का खेळाडू तो ओता, कच्चा लिंबू तो ओपे, बघायला येणारा दोघांना नमस्कार करतो पण उत्तर फक्त ओताने द्यायचं, ओपेने गप्प बसायचं. मी ८ महिने गप्पच आहे. (याच कुळातल्या अवारीची सगळी गणितं २००२ मध्ये ॲमस्टरडॅमला कॉम्प्युटरवर सोडवली गेली, दोघंही अचूक खेळले तर बरोबरी होते म्हणे. बाबांना सांगितलं तर म्हणाले, मग त्या कॉम्प्युटरला आण इकडे.)

आता बोर्डाबद्दल. मी नक्षी बघून भुललो, तिथेच चुकलं. घरं उथळ निघाली. मुरलेले खेळाडू एका घरात बिया साठवत नेतात, १२ च्या वर गेल्या की ते घर उचलून पूर्ण फेरी मारायची, सुरुवातीचं घर सोडून, आणि तेवढ्यात समोरच्याचा सुपडा साफ. माझ्या बोर्डात दहाव्या बीपासूनच ओघळायला लागतात, मग कुठली कुठून पडली यावर वाद. शिवाय डिसेंबरात हरमॅटनचं कोरडं वारं सुटलं आणि बिजागरीजवळ चीर गेली, आता मिटताना करकरतो. बिया मात्र जशाच्या तशा, एक कुत्र्याने चावली तरी काही झालं नाही तिला.

बाबांची फळी बिननक्षीची, काळपट, खोल घरांची. मला तशीच हवी होती. घ्यायला जाल तर खिशात १५ सागरगोटे ठेवा आणि दुकानातच एका घरात मावतात का बघा, दुकानदार हसला तर हसू दे.